हॉटेल आदिसमधली मेसोब

मी एक जुनी टोपली आहे. टोपली म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर भाकरीची दुरडी नाहीतर शेणाची पाटी येत असेल. लोकांचं मला ते सगळं म्हणून झालं आहे. माझं खरं नाव मेसोब. गुडघ्याहून थोडी उंच, मध्ये डमरूसारखी बारीक आणि वर मोठं ताट मावेल एवढं रुंद तोंड. मित्रांनो, मी जेवणाचं टेबल आहे. हे सांगून सांगून मी आता थकले आहे, तरी आणखी एकदा सांगते.

माझा जन्म इथिओपियातला. एका साखर कारखान्याजवळच्या खेड्यात एका म्हाताऱ्या बाईने रंगीत गवताच्या काड्यांतून मला विणलं. तीन महिने लागले तिला. मग मी कारखान्याच्या फाटकासमोरच्या एका साध्या खाणावळीत उभी राहिले. माझ्याभोवती बुटक्या स्टुलांवर पाच-सहा जण बसत. ताटात एकच मोठी इंजेरा अंथरायची. इंजेरा म्हणजे आपल्या धिरड्याची थोरली बहीण समजा, आंबट आणि जाळीदार. तिच्यावरच डाळ, भाजी, मटणाचा रस्सा वाढायचा आणि सगळ्यांनी त्याच ताटातून तोडून खायचं. खाता खाता शेजाऱ्याला आपल्या हाताने एक घास भरवायचा, ही तिथली रीत. रांधणारी मालकीणसुद्धा हात पुसत येऊन बसायची. मला वाटायचं, सगळ्या जगात असंच जेवत असतील.

तिथे सोमनाथ रोज जेवायला यायचा. हा बीड जिल्ह्यातल्या कडा गावचा, धनगराचा मुलगा, साखर शिजवायच्या कामावर आलेला. चार वर्षांनी तो गावी निघाला तेव्हा मालकिणीने मला त्याच्या हवाली केलं. विमानात चढवताना माझ्यावर 'जपून हाताळा' अशी चिठ्ठी लावली होती. तेवढा मान मला पुन्हा कधी मिळाला नाही.

कडा गावात नगर रोडला सोमनाथने 'हॉटेल आदिस' काढलं, इथिओपियाच्या राजधानीचं नाव दिलेलं. उद्घाटनाला मोहनराव पुढारी आले. त्यांनी मला हार घातला, माझ्या शेजारी उभं राहून फोटो काढले आणि मग जेवायला वेगळं ताट मागवलं. "उष्टंबिष्टं आपल्याला न्हाई जमत, सोमनाथराव," असं म्हणाले. पहिल्याच दिवशी मी काय ते समजले.

गिऱ्हाइकं यायची, नाही असं नाही. तिकडे बेसनाचं शिरो नावाचं कालवण करतात. ते पाहून एकजण मित्राला म्हणाला, "घरी पिठलं खाऊन कट्टाळलो म्हून हाटेलात आलो, अन् हितंबी पिठलंच की रं!" तळाची इंजेरा सगळा रस्सा पिऊन सर्वांत चवदार होते. माझ्या गावी तिच्यासाठी भांडणं लागत. इथे लोकांनी ती पत्रावळ समजून तशीच सोडली. रोज ती सोमनाथच्या शेळ्यांपुढे जायची. हॉटेल काही बाळसं धरेना, शेळ्या मात्र गुबगुबीत झाल्या.

पण माझा शीण त्याचा नव्हता. तो होता अंजनाचा, सोमनाथच्या बायकोचा. तिकडचं धान्य इथे मिळेना, म्हणून तिने ज्वारीचं पीठ तीन-तीन दिवस आंबवून इंजेरा जमवली. चार वेळा घाणा बिघडला, पाचव्यांदा जाळी पडली. बाहेर सोमनाथ प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचा, "तिकडं समदे एका ताटात जेवत्यात, एकमेकाला घास भरवत्यात. लई माया हाय त्या लोकांत." आणि आत पडद्यामागे अंजना फाटलेली इंजेरा चटणीला लावून उभ्या उभ्या खायची. दोन वर्षांत ती माझ्याजवळ आली ती वाढायला आणि पुसायला. एकदा तरी तिने बसावं, एवढीच माझी इच्छा होती. मला फार वाईट वाटायचं, पण टोपलीचं कोण ऐकतं?

शेवटी गिऱ्हाईक तुटलं. सोमनाथला इथल्याच साखर कारखान्यात हंगामाचं काम मिळालं आणि हॉटेल बंद करायचं ठरलं. शेवटच्या दुपारी घरचीच माणसं जेवायला बसली. सोमनाथ, त्याची मुलगी ऋतुजा, आई छबुबाई आणि वडील सटवा. सटवा वर्षातले आठ महिने मेंढरांमागे रानोमाळ असतो. हॉटेलात तो पहिल्यांदाच आला होता. अंजनाने ताट वाढलं आणि ती आत गेली. सटवाने हात पुढे केला नाही.

"आबा, जेवा की," सोमनाथ म्हणाला. "समद्यांनी संगं जेवायची रीत हाय."

"एक कमी हाय," सटवा म्हणाला.

"कोण कमी?"

"सांजच्याला मी मेंढरं मोजतो. एक जरी मागं ऱ्हायलं तरी भाकरीला हात लावत न्हाई. घरात पाच माणसं हायत. हितं चारच बसल्यात."

"ती जेवंल की मागून," छबुबाई म्हणाली. "बाईमाणूस कवा पुढं जेवलंय?"

सटवा उठला. त्याने इंजेराचा तुकडा तोडला, रश्शात बुडवला आणि पडदा सारून आत गेला. अंजना पदर पुढे ओढून भिंतीकडे वळली. सासऱ्यासमोर ती कधी बसलीसुद्धा नव्हती.

"अंजना, आ कर."

"नगं मामा. लाज वाटती."

"लाज आमाला वाटाया पायजे. दोन सालं झाली रांधतीस. आ कर."

तिने घास घेतला. सोमनाथची मान खाली गेली. तो उठला आणि आपलं स्टूल त्याने तिच्यासाठी सरकवलं. अंजना माझ्याजवळ बसली. घास गिळता गिळता ती रडत होती, आणि मला त्या दिवशी पहिल्यांदा आपल्या गावी असल्यासारखं वाटलं.

आता मी त्यांच्या घराच्या कोपऱ्यात पडून आहे. माझ्या काड्या निसटल्या आहेत, पोटात कोंबडी अंडी घालते. एका घासाने घर बदलत नाही, मित्रांनो. दुसऱ्याच दिवशी अंजना पुन्हा चुलीपाशी मागे राहिली. पण सटवा घरी असला की भाकरी पुढ्यात घेऊन नुसता बसून राहतो. कालवण गार होतं. मग छबुबाईच कुरकुरत हाक मारते, "ये गं बाई लवकर, म्हातारा उपाशी मरंल!"

जुन्या टोपल्यांना ओल लागू देऊ नका, अधूनमधून ऊन दाखवा, असं मी तुम्हाला सांगितलं असतं. पण आता माझ्यासाठी काही मागायचं त्राण माझ्यात उरलेलं नाही. आज जेवायला बसाल तेव्हा घरातली माणसं तेवढी मोजा. एक कमी भरलं, तर घास हातात धरून थांबा.