यादी कुणी उघडली

रोहिणी जळगावला पिंप्राळ्यात बसून एका आरोग्य संस्थेचं अ‍ॅप सांभाळायची. सिकलसेलच्या रुग्णांची यादी कुणी बाहेरच्यांसाठी खुली केली, तर आपल्या फोनवर इशारा यावा, असा नियम तिनं सोमवारी लावला. बुधवारीच इशारा आला. पिंपळनेरचा आरोग्यसेवक विक्रम यानं यादीची लिंक खुली केली होती.

तिनं लिंक बंद करून नोंदी पाहिल्या. एकाच अनोळखी फोनवरून यादी नऊ वेळा उघडली होती. हा आजार आनुवंशिक, त्यामुळे यादीत नाव दिसलं की सोयरिकी मोडतात, हे तिला ठाऊक होतं. विक्रम नावं विकतो की काय? तिनं त्याला फोन लावला.

"विक्रमभाऊ, लिंक कुणाला दिली?"

"चमेलीबाईंना, ताई. त्यांच्या मुलीचा रिपोर्ट पाहायचा होता, त्यांना लॉगिन जमत नाही."

"एका रिपोर्टसाठी नऊ वेळा?"

रोहिणीनं चमेलीबाईंनाच फोन लावला.

"बठ्ठा नावं वाचात मी," त्या सहज म्हणाल्या. "भाचासाठे पोर देखी ऱ्हायनू ना!"

भाच्यासाठी बघितलेल्या मुलीचं नाव यादीत नाही ना, हे पाहायला त्या सगळी नावं वाचत होत्या. रोहिणीनं विक्रमचा यादी खुली करण्याचा अधिकार लगेच काढला. ती नावं आणखी कुणाच्या कानावर गेली, ते मात्र चमेलीबाईंनी सांगितलं नाही.