बरोबर पंचवीस किलो

मी काटा बोलतोय. पायात रुततो तो नव्हे, माशाच्या तुकड्यात दडून घशात अडकतो तोही नव्हे. मी वजनाचा. खाली लोखंडी चौथरा, मागे उभा खांब, खांबावर आडवी पितळी दांडी आणि दांडीवर सरकणारं छोटं वजन. बंदरातल्या कस्टमच्या गोदामात, दोन नंबरच्या दरवाजामागे, तुटक्या खुर्च्यांच्या शेजारी माझा मुक्काम असतो.

इथं येण्याआधी मी बावीस वर्षं एका घाऊक व्यापाऱ्याच्या पेढीवर उभा होतो. शेठ शाळेत फारसे गेले नव्हते, पण मालाच्या बाबतीत भल्याभल्यांचे कान कापत. एकदा पावसाळी हवेत कापसाच्या गाठी आल्या. बाकी सगळ्यांच्या गाठी थोड्या थोड्या जास्त भरल्या. एकाच्या मात्र कागदावर लिहिल्या होत्या तेवढ्याच, तोळामासाही इकडेतिकडे नाही. विकणारा छाती फुगवून म्हणाला, "शेठ, आमचं वजन म्हणजे वजन!" शेठ हसले, त्याला पाणी दिलं आणि गाठ फोडायला सांगितली. आत दगड निघाले.

"कापूस पाणी पितो रे," शेठ म्हणाले. "दगडाला तहान नसते."

ते ऐकायला मी होतो, आणि गाठ फोडणारा हमाल होता. पुढं शेठ गेले, पेढी मिटली, मला कस्टमनं विकत घेतलं. आणि गंमत बघा, वर्षभरात तो हमालही तोलणारा म्हणून इथंच नोकरीला लागला. मला बघून त्यानं चौथऱ्यावर थाप मारली आणि म्हणाला, "तू पण इथंच का?" आता त्याचे केस पिकलेत. सगळे त्याला काका म्हणतात.

मग गोदामात इलेक्ट्रॉनिक काटा आला. ट्रकएवढा रुंद, लाल आकडे लुकलुकणारा. मोठ्या घरचा असल्यामुळे तो दहा-दहा किलोंच्या टप्प्यानंच बोलतो, वरचे सुटे किलो सोडून देतो. मी कोपऱ्यात गेलो. माझ्यावर डबे आले, ओल्या छत्र्या आल्या, कुणीकुणी बसून चपलेचा अंगठाही शिवून घेतला. काका मात्र दर वर्षी मला हातगाडीवर घालून सरकारी वजनमापवाल्यांकडे न्यायचे आणि माझ्या खांबावरच्या शिशाच्या गोळीवर नवा शिक्का मारून आणायचे.

"म्हाताऱ्याला कशाला नटवता, काका?" पोरं चिडवायची.

"तुझं लग्न झालं तेव्हा तुला नटवलंच होतं ना? फरक पडला का काही?" काका म्हणायचे.

आता त्या दुपारची गोष्ट सांगतो.

तपासणीच्या मॅडम सकाळपासून फोनला चिकटून होत्या. दूरच्या एका देशातल्या वनखात्याच्या अधिकाऱ्याचा निरोप होता. तिकडे दोन कंटेनर पकडले होते, आत खवले मांजराचे खवले. अंगाचं मुटकुळं करून बसणारं, कुणाच्या अध्यातमध्यात नसणारं ते जनावर. त्याच्या खवल्यांत औषध आहे, अशी समजूत धरून लोक ते विकत घेतात. सगळ्या देशांनी मिळून या व्यापाराला बंदी घातली आहे, तरी माल फिरतोच. तिसरा कंटेनर निसटला होता आणि आमच्याच बंदरात जहाज बदलणार होता. पण त्याचा नंबर तिकडच्यांना ठाऊक नव्हता.

मॅडमनी दिवसभर कागद चाळून एक कंटेनर बाजूला काढला. कागदावर लिहिलं होतं, 'सुके खवले, शंभर पोती, प्रत्येकी पंचवीस किलो.' माशांचे खवले सुकवून कारखान्यांना जातात, त्यात वावगं काही नाही. पुढच्या जहाजाचा माल आत घेणारं धक्क्यावरचं फाटक चार वाजता बंद होणार होतं. घड्याळात अडीच वाजले होते.

मालकाच्या वतीनं आलेला एजंट म्हणजे आमचा साखरभाऊ. बोलणं इतकं गोड की मुंग्या लागाव्यात.

"मॅडम, तुमचा संशय म्हणजे आमचा मान," तो म्हणाला. "फक्त मागच्या वेळसारखं व्हायला नको. रोपांच्या पेट्या तुम्ही चार दिवस अडवल्यात. आत निघाली रोपंच. तीही वाळलेली."

मॅडमचा चेहरा उतरला. त्या रोपांपायी त्यांना लेखी समज मिळाली होती. पुन्हा चूक झाली तर तपासणीचं काम काढून घेऊन त्यांना रेकॉर्डच्या खोलीत बसवणार, हे गोदामातल्या मांजरालाही माहीत होतं. आणि माल सुटला, तर चारनंतर समुद्रावर त्याला कुणी गाठू शकणार नव्हतं.

आधी वास घेणारा कुत्रा आणला. सगळ्या गोदामात माशांचा असा दर्प सुटला होता की बिचारा तीनदा शिंकला आणि आपल्या माणसाच्या पायात तोंड खुपसून बसला. मग क्ष-किरणांचं यंत्र झालं. चित्रात सगळी पोती सारखीच करडी. नियमाप्रमाणे साखरभाऊसमोर दोन पोत्यांची तोंडं उघडली. वर माशांचे खवले, पांढरे, पातळ, चमचमते.

"आता सगळी पोती ओतायची असतील, तर कारण लिहून द्या मॅडम," साखरभाऊ म्हणाला. "लिहून दिलंत की मी एक शब्द बोलणार नाही. माझे वकील बोलतील."

सव्वातीन वाजले. मॅडमचं पेन कागदावर टेकलेलं, पण हलत नव्हतं. लिहिणार काय? नाकाला शंका आली म्हणून?

"वजन तरी करू या," त्या पुटपुटल्या.

दहा पोती एकदम इलेक्ट्रॉनिक काट्यावर चढली. दोनशे पन्नास. पुढची दहा. दोनशे पन्नास. साखरभाऊ घड्याळाकडे बघून हसला. "पंचवीस म्हणजे पंचवीस, काका. आमचं वजन म्हणजे वजन."

काकांचा हात हवेतच थांबला. मला कळलं त्यांना काय आठवलं ते, कारण मलाही तेच आठवलं होतं.

ते तडक माझ्याकडे आले. डबे उचलले, छत्री बाजूला फेकली, मला ओढत उजेडात आणलं. "मॅडम, एकेक पोतं याच्यावर घेतो. हा शंभर ग्रॅमसुद्धा लपवत नाही."

पहिलं पोतं पुढच्या रांगेतलं. वजन सरकवत सरकवत काका थांबले. पंचवीस किलो सहाशे. दुसरं, पंचवीस पाचशे. तिसरं, पुन्हा सहाशे.

"हे कागदाशी जुळत नाही," मॅडम म्हणाल्या, पण लगेच मान हलवली. "अर्ध्या किलोवर कंटेनर कसा अडवू, काका?"

"मागच्या रांगेतलं आणा रे!" काका ओरडले. कंटेनरच्या पोटातून एक पोतं आलं. माझ्या दांडीनं एक हेलकावा घेतला आणि ती मध्यावर थांबली. पंचवीस. दुसरं, पंचवीस. तिसरं, पंचवीस.

मॅडमनी पेनाचं टोपण लावलं. "हे तर बरोबर आहे."

"तेच तर म्हणतोय, मॅडम! बरोबर आहे, हेच चुकलंय!" काकांचा आवाज चढला. "तीन आठवडे दमट हवेत समुद्रावर होता हा माल. सुके खवले ओल पितात. पुढची पोती प्यायली, अर्धा किलोनं वाढली. मग या मागच्यांना तहान का लागली नाही? यांचं तोंड कुणी बांधलंय?"

मॅडमनी टोपण काढलं आणि त्या भराभर लिहायला लागल्या.

साखरभाऊची साखर पहिल्यांदा विरघळली. "एक मिनिट, एक मिनिट! या भंगारावर तुम्ही लिहिताय? याला यंदाचा शिक्का तरी आहे का?"

खरं सांगतो, माझ्या लोखंडालाही घाम फुटला. शिक्का होता, पण वर्षभराच्या धुळीखाली. मॅडम माझ्यापुढे गुडघ्यावर बसल्या आणि ओढणीच्या टोकानं शिशाची गोळी पुसली. एकदा, दोनदा. मग त्यांनी साखरभाऊला हातानं जवळ बोलावलं.

"वाचा. मोठ्यानं."

त्यानं यंदाचं साल वाचलं. फार हळू वाचलं.

पोतं ओतलं. वर चार ओंजळी माशांचे खवले, खाली जाड प्लास्टिकची पिशवी, तोंड वितळवून बंद केलेली. कुत्र्याला वास जाऊ नये म्हणून. त्याच पिशवीनं ओलही अडवली होती. नाकाची तजवीज केली, काट्याची करायला विसरले. काकांनी पिशवी फाडली आणि आतून तपकिरी, जाड, नखासारखे खवले खडखडत जमिनीवर पसरले. कुत्रा ताडकन उठून बसला.

साखरभाऊ कोरड्या ओठांनी म्हणाला, "कागदावर खोटं काही नाहीये, मॅडम. आम्ही खवलेच लिहिलंय."

"कुणाचे, ते लिहायला विसरलात," काका म्हणाले.

चारला दहा कमी असताना फाटकावर मॅडमचा कागद पोचला. जहाज गेलं, कंटेनर राहिला. अशी चौसष्ट पोती निघाली. एका जनावराच्या अंगावर जेमतेम अर्धा किलो खवले असतात. म्हणजे एका पोत्यात पन्नास जीव. जन्मभर मी वजनं सांगितली, पण एवढं मोठं वजन मी कधी पेललं नव्हतं.

त्या संध्याकाळी सगळे पांगल्यावर काकांनी जमिनीवर राहिलेला एक खवला उचलला आणि पुराव्याच्या पिशवीत टाकण्याआधी माझ्या चौथऱ्यावर ठेवला. मी खूप प्रयत्न केला. दांडी हलली नाही.

"बघ," काका मला म्हणाले, "एकट्याचं वजनच लागत नाही."

आता माझ्या खांबाला सुतळीनं एक चिठ्ठी बांधली आहे, 'पुरावा, हात लावू नये.' दांडीही बांधून ठेवली आहे. मॅडम तपासणीवरच आहेत. जाता येता माझ्या गोळीवरून बोट फिरवतात. खटला संपला की त्या मालाची होळी करणार आहेत, कुणी परत विकू नये म्हणून. त्याआधी एकदा तो माझ्यावर चढेल. तेवढं काम करीन. पुन्हा असलं वजन माझ्या नशिबी येऊ नये.

जाता जाता एक विनंती. कधी कुणी तुमच्यापुढे असल्या खवल्यांच्या भुकटीची एक छोटी पुडी सरकवील. म्हणेल, दुखण्यावर रामबाण आहे, चिमूटभरच तर आहे. त्या पुडीनं माझीही दांडी हलणार नाही, हे मी आधीच कबूल करतो. पण म्हणून तिला हलकी समजू नका.