मास्तरांची कात्री

"मास्तर, आजही काज-बटणंच बघा ना. निवांत काम आहे," मालकीणबाई म्हणाल्या आणि कपाटाची किल्ली त्यांनी पर्समध्ये टाकली.

कपाटात मास्तरांची कात्री होती. ते आजारपणाच्या रजेवरून परतले, त्या दिवसापासून ती तिथेच होती. काय झालं होतं असं विचारल्यावर मास्तरांनी खरं ते सांगितलं होतं: मनाचा आजार, औषधं चालू आहेत, डॉक्टरांनी कामावर जायला सांगितलंय. पाठ धरली होती म्हणाले असते, तर कुणी दुसरा प्रश्न विचारला नसता.

गणवेश शिवणाऱ्या त्या लहानशा कारखान्यातली माणसं वाईट नव्हती. उलट फार जपून वागत. मास्तर खिडकीशी उभे राहिले, की कुणीतरी सहज आल्यासारखं शेजारी येऊन उभं राही. मास्तरांचं कापड कापण्याचं काम मालकीणबाई स्वतःच करत, जमेल तसं. शिवणाऱ्या बायका कापडाची वाट बघत बसत.

मास्तरांनी बटणांच्या डब्याला झाकण लावलं.

"ताई, मला कापायला द्या. नाहीतर घरी जा म्हणून सांगा."

"अहो, असं काय बोलता? काळजीपोटीच ना! उद्या काही झालं तर वहिनींना काय तोंड दाखवू मी?"

"तुमच्या वहिनी मला रोज भाजी चिरायला बसवतात. जाड चिरली म्हणून वर बोलणीही खातो."

कॉलर शिवणारी मावशी फिसकन हसली आणि लगेच ओठ दाबून खाली बघू लागली.

मास्तरांचा आवाज चढला नव्हता. "बटणं लावत बसलो ना, ताई, की दिवसभर आठवत राहतं, आपण आजारी आहोत. कापताना तेवढं आठवत नाही."

मालकीणबाईंनी पर्स उघडली. किल्ली काढून त्यांनी कपाट उघडलं आणि कात्री मास्तरांच्या हातात दिली.

मास्तरांनी टेबलावर कापड पसरलं. तळव्याने मधून कडेकडे नेत सुरकुत्या काढल्या, खडूची रेघ मारली. कात्रीने पहिला घास घेतला तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, खोलीत दुसरा आवाजच नाही.

"वीज गेली का?" मान वर न करता त्यांनी विचारलं.

मशिनींवरचे हात थांबवून सगळ्या त्यांच्या कात्रीकडे बघत होत्या.

"मशिनी चालवा की. कापडच कापतोय मी."

"मग हात जरा भरभर चालवा," मावशी म्हणाली. "कॉलरांवाचून सकाळपासून माशा मारत बसलेय." तिने पायाखालची पट्टी दाबली. तिचं मशीन सुरू झालं, मग शेजारचं, मग बाकीची.

मालकीणबाई मात्र टेबलाशीच उभ्या होत्या. त्यांचा एक हात कापडावर होता, कात्रीपासून वीतभर अंतरावर. कात्री रेघेवरून सरकत बाहीच्या वळणाशी आली आणि थांबली.

"ताई, हात काढा. कापड ओढलं जातंय."

त्यांनी हात उचलला. मास्तरांनी वळण कापलं.