घाटात अडकलेली मोटरसायकल

एलिसेओ बाका आमच्या शेजारी राहायला आला त्याला चार वर्षं झाली. न्यू मेक्सिकोचा माणूस. इथल्या शाळेचे बॉयलर आणि नळ सांभाळतो. त्याची बायको रोसौरा दवाखान्यात नर्स आहे. माणूस सोन्यासारखा, पण पहिला बर्फ पडला की त्याचं तोंड जे उतरायचं ते मे महिन्यातच वर यायचं. कारण एकच, मोटरसायकल. ती गॅरेजात ताडपत्रीखाली आणि हा खिडकीत.

मी चौतीस वर्षं या खोऱ्यात टपाल वाटलं. हिवाळ्यात वरच्या वस्त्यांवर जायला स्नोमोबीलच लागायची, बर्फावरून धावणारी गाडी. घरी अजून दोन आहेत. दुसरी माझ्या बहिणीची, आर्डिथची. गुडघे धरायला लागले तशी ती उन्हाच्या गावी निघून गेली, आणि तिची गाडी दोन हिवाळे शेडमध्ये नुसती उभी. एकट्यानं डोंगरात जायचं नाही, हा आमच्याकडचा नियम. म्हणजे मीही बसूनच. दर वर्षी एलिसेओला विचारायचे, "येतोस का?" तो म्हणायचा, "लव्हॉन, ते गवत कापायचं यंत्र आहे हो. चुकून बर्फात आलंय."

यंदा ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी कडक ऊन पडलं. हा सकाळीच हेल्मेट घालून तयार.

"वारा उत्तरेचा आहे," मी कुंपणावरून ओरडले. "घाटात जाऊ नकोस."

"शेवटची चक्कर! जेवायला परत."

दुपारी दोनला घाटमाथा दिसेनासा झाला. तीनला इथं खालीही भुरभुर सुरू झाली. चारच्या सुमारास बर्फ ढकलणाऱ्या ट्रकमधून एलिसेओ उतरला, कानापर्यंत लाल, आणि हातात फक्त हेल्मेट. माथ्याजवळ चाक सरकलं, गाडी हळूच आडवी झाली. लागलं काही नाही. वनखात्याच्या लाकडी झोपडीपर्यंत त्यानं ती ढकलत नेली आणि पडवीत उभी केली. रात्रभर बर्फ कोसळला. सकाळी घाटाच्या तोंडाशी फाटक लागलं ते थेट मेअखेर उघडायचं.

पुढचे पाच आठवडे हा माणूस डोंगराकडे तोंड करून जेवला. रोसौरा मला म्हणाली, "आधी सवत निदान घरात होती. आता डोंगरावर जाऊन बसलीय, आणि नवरा तिची वाट बघतोय."

डिसेंबरात बर्फ बसला. मी त्याचं दार वाजवलं. "माझ्याकडे गाडीमागं ओढायची घसरगाडी आहे. तुझी बाई तिच्यावर बांधून खाली आणू. पण वर जायचं तर त्या गवत कापायच्या यंत्रावरच जावं लागेल."

तो म्हणाला, "बूट घालतो."

तो दिवस शनिवारचा. ऊन होतं, थंडी उणे बारा. मी त्याला आर्डिथची गाडी दिली. दोन वर्षं बंद होती, पण सुरू करायची दोरी चौथ्यांदा ओढल्यावर इंजिनानं पकड घेतली आणि ती धूर सोडत खोकत उठली. मला एकदम भरून आलं. ते धुरामुळेच, असं मी त्याला सांगितलं.

"उजवा अंगठा दाबला की वेग, डावीकडे ब्रेक. आणि मोटरसायकल विसर."

तो विसरला नाही. बंद रस्त्यावर ठीक चालला, पण पहिल्याच मोकळ्या उतारावर सवयीनं मधेच ब्रेक दाबून थांबला. भुसभुशीत बर्फात थांबलं की संपलं. गाडी मागून खचली. हा रुबाबात उतरला आणि छातीपर्यंत आत गेला.

"आता काय करायचं?" आतून आवाज आला.

"आता फावडं."

अर्धा तास आम्ही उकरत होतो. त्याच्या मिशांना बर्फ लटकलेला. मला वाटलं, आता हा चिडून परत फिरणार. पण तो उताणा पडला आणि हसायला लागला, पोट धरून. "चार वर्षं मी खिडकीत काय करत होतो हो, लव्हॉन?"

"तोंड पाडून बसला होतास. ऊठ. या वेळी उभा राहून चालव, अंग डोंगराच्या बाजूला टाक आणि अंगठा सोडू नकोस."

वर देवदारांच्या पलीकडे मोठं कुरण आहे. त्यावर एक रेघ नव्हती, सशाचीसुद्धा नाही. मी बाजूला थांबले आणि त्याला पुढं जाऊ दिलं. गाडी उचलली गेली, तरंगली, आणि तिच्या दोन्ही अंगांनी पांढरा भुगा त्याच्या खांद्यावरून उडाला. त्यानं एक मोठं वळण घेतलं, मग दुसरं. इंजिनाच्या आवाजातूनही मला त्याची आरोळी ऐकू आली, लग्नाच्या मांडवात नाचणाऱ्या माणसासारखी. परत आला तेव्हा डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"रस्ताच नाही!" तो म्हणाला. "मोटरसायकलला रस्ता नेईल तिकडं जावं लागतं. इथं... इथं कुठंही!"

झोपडीपाशी पोचलो. पडवीत मोटरसायकल ठीक होती, फक्त सीटवर बर्फाची उशी. त्यानं ती झटकली, टाकीवर हात फिरवला, दोन मिनिटं तिच्यावर बसला. मी घसरगाडी सोडवून दोर काढायला लागले.

"राहू द्या," तो म्हणाला. "छप्पर आहे, वारा लागत नाही. बॅटरी तेवढी काढून नेऊ. मेमध्ये तिच्यावर बसूनच खाली येईन."

"पाच आठवडे रडलास आणि आता राहू द्या?"

"तिला खाली नेलं की दिवस संपला. ती समोरची धार दिसते ना, तिच्यामागं काय आहे?"

धारेमागं एक गोठलेलं तळं आहे. तिथं आम्ही गेलो. रोसौरानं दिलेला हिरव्या मिरचीचा रस्सा थर्मासातून प्यालो, नाकं वाहेपर्यंत. अंधार पडायच्या आत घरी आलो. रोसौरा अंगणात उभी. आधी घसरगाडीकडे पाहिलं, ती रिकामी. मग नवऱ्याकडे. तो वेड्यासारखा हसत होता.

"सवत कुठाय?"

"तिला सुट्टी दिली."

पुढच्या शनिवारी रोसौरा स्वतःच दारात उभी राहिली, दवाखान्याच्या कपड्यांवर जाड कोट चढवून. मी आर्डिथची गाडी काढली. एलिसेओ पुढं बसायला निघाला, तिनं त्याच्या दंडाला धरून मागं बसवलं.

"अंगठा हा ना?" तिनं मला विचारलं आणि उत्तराची वाट न बघता दाबला. कुरणात मी त्यांना गाठू शकले नाही. फक्त एलिसेओचा आवाज येत होता, "हळू गं! अगं हळू!" आणि तिचं हसणं.