शेंदराखालचा माणूस

संपतरावांनी मागच्या रांगांतल्या खुर्च्या उचलून भिंतीला लावल्या. लोक थोडे आले तरी पुढच्या रांगा भरलेल्या दिसाव्यात, हा त्यांचा बेत. पण अकरा वाजत आले तरी पुढच्या खुर्च्यांवरही धूळ सोडून कुणी बसलेलं नव्हतं. दाराबाहेर त्यांनी खडूनं लिहिलेली पाटी होती: ‘आज सकाळी, दगडाची गोष्ट. सर्वांना आमंत्रण.’ वसमतचा आठवडी बाजार त्या पाटीवरून हळदीची पोती घेऊन चालला होता.

वाचनालयामागचा हा हॉल संग्रहालयाला मिळाला तो हिंगोली जिल्हा वेगळा झाला तेव्हाच्या उत्साहात. वस्तू मात्र संपतरावांनी त्याआधीच जमवलेल्या. एसटीत कंडक्टर असताना ज्या गावाला गाडी थांबेल तिथून त्यांनी काही ना काही उचललं होतं. मोटेचं चाक, धान्य मोजायची जुनी मापं, मेंढरांच्या गळ्यातल्या घंटा. सगळं टपावर टाकून आणायचे. डेपोतली मंडळी त्यांना भंगारवाले म्हणायची आणि तेही हसून घ्यायचे. निवृत्तीनंतर इथले व्यवस्थापक, रखवालदार आणि झाडूवाले असे तिघेही तेच झाले. उद्घाटनाला फेटे बांधून पाहुणे आले होते. नंतर काही दिवस शाळांच्या सहली आल्या. मग त्याही आटल्या. संपतराव हटले नाहीत. ट्रंकेत वस्तू भरून स्वतःच गावोगावच्या शाळांत जायचे, आणि पोरं घंटा वाजवून खिचडीच्या वासामागं पळायची. दर महिन्याला इथं कार्यक्रम ठेवायचे. आपलं ऐकायला कुणी तरी यावं, एवढीच त्यांची भूक होती. बायको गेल्यापासून ती फारच वाढली होती.

आजचा दगड त्यांचा सगळ्यांत लाडका. शिरड शहापूरच्या पलीकडच्या एका वाडीचा. रस्ता रुंद झाला, वाडीनं वर्गणी करून नवं देऊळ बांधलं, त्यात संगमरवरी मूर्ती बसवली आणि चांदीचे डोळे काढून घेतलेला जुना देव पुलाच्या नळीजवळ पडून राहिला. संपतरावांनी सरपंचाला विचारून तो टेम्पोत घालून आणला. त्यावर पिढ्यान् पिढ्यांच्या शेंदराचा जाड थर होता. कोमट पाणी, बांबूची काडी आणि ब्रश घेऊन त्यांनी एक अख्खा उन्हाळा त्यापाशी काढला. थराखालून पहिल्यांदा गाईचा कान दिसला, तेव्हा ते मोठ्यानं “अगं, बघ” म्हणाले आणि मग ओशाळून गप्प झाले. निघालेला शेंदूर त्यांनी रीतीप्रमाणं नदीत सोडला.

दारात चपला काढल्याचा आवाज झाला. संपतरावांनी घाईनं टोपी सारखी केली.

एक म्हातारी होती. नाकात मोठी नथनी, हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी. तिनं चपला दाराबाहेर काढल्या होत्या, देवळासमोर काढतात तशा. जनकाबाई तिचं नाव. सकाळच्या गाडीनं आल्याचं तिनं सांगितलं, पाटीबिटी काही वाचली नव्हती. वाचायला यायचंही नाही.

“आमचा माळोबा हितं आणलाय म्हनले. कुठं हाय?”

संपतरावांनी समोर बोट केलं. जनकाबाई दगडाजवळ गेली, वाकून पाहिलं, मग त्याच्या मागं जाऊन पाहिलं.

“ह्यो न्हाई. माळोबा लाल व्हता. चांदीचे डोळे व्हते त्याला.”

आणि ती हॉलभर फिरू लागली. मोटेच्या चाकामागं, मापांच्या कपाटामागं, हरवलेलं करडू शोधावं तशी. फिरता फिरता बोलत होती. पोरानं पुण्याला खोली घेतलीय, उद्या तो घेऊन जाणार, आता म्हातारपणी परत येणं होतं की नाही कुणास ठाऊक. नव्या देवळातल्या मूर्तीपुढं जाऊन आली ती, पण तिची आणि त्या मूर्तीची काही ओळख नाही. लग्न होऊन वाडीवर आली तेव्हापासूनचं सुखदुःख माळोबाला माहीत. त्याचा निरोप घेतल्याशिवाय गाडीत पाय कसा ठेवायचा?

दुसऱ्या खोलीत असेल, असं सांगून संपतरावांना वेळ मारून नेता आली असती. दुसरी खोलीच नव्हती.

“मावशी, तोच हाय तो. शेंदूर मीच काढला.”

जनकाबाई थांबली. आता ही आपल्याला काय काय बोलेल, याची तयारी करून ते उभे राहिले. बोलली असती तर बरंच झालं असतं. ती नुसती दगडाकडं परत आली.

“काहून?”

“खाली काय हाय ते दिसावं म्हणून.”

“काय हाय खाली?”

हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून संपतराव इतके महिने खुर्च्या मांडत होते. विचारला गेला तेव्हा त्यांना आनंदही धड होईना. त्यांनी तिला खुर्ची दिली, ती खालीच बसली, म्हणून तेही खाली बसले. बोट ठेवत ठेवत त्यांनी सांगितलं. ही खालची गाईगुरं. गावची गुरं चोर हाकून नेत होते, हा एकटा त्यांना आडवा गेला. हा त्याच्या हातातला भाला, आणि हा तो पडला. वरच्या पट्टीत त्याला स्वर्गात नेताहेत. त्याच्याही वर चंद्र आणि सूर्य, ते आहेत तोवर याची आठवण राहावी म्हणून. जनकाबाईनं मध्येच काही विचारलं नाही, की बाहेर पाहिलं नाही. शेवटपर्यंत ऐकणारं ते पहिलंच माणूस.

“मंग ह्यो देव न्हाई. मेलेला मानूस हाय.”

“व्हय.”

“नाव काय याचं?”

“कुठं लिहिलेलं न्हाई.”

ती त्या पडलेल्या आकृतीकडं वाकली. मग म्हणाली, “आमी याला नवस बोललो. लेकरं याच्या पायावर घातली. याच्यासाठी रडलं न्हाई कुनी.”

तिनं पदर तोंडावरून ओढला आणि हेल काढला. मयताच्या घरी बाया काढतात तसा, पोटातून, शेवटचा शब्द लांबवत.

“कुन्या मायचा व्हतास रं लेकरा... तुही माय दारात वाट पाहत बसली आसंल रं...”

संपतराव दचकून दाराकडं पाहू लागले. बाजारातलं कुणी ऐकलं तर काय म्हणेल? उठून दार लोटावं असं वाटलं, पण ते बसूनच राहिले. बायको गेली तेव्हा ते नांदेडच्या फेरीवर होते. परत आले तोवर बायांचा आकांत होऊन गेला होता. मग लाकडं आणा, पाहुण्यांची सोय करा, कुणाची गाडी कधी सुटते ते सांगा. गाड्यांच्या वेळा त्यांच्याइतक्या कुणाला पाठ होत्या? त्या गडबडीत रडायचं राहून गेलं होतं. नंतर एकट्यानं बसून रडायला त्यांना लाज वाटायची.

जनकाबाईनं पदरानं तोंड पुसलं. फडकं सोडलं. माळोबासाठी आणलेला दहीभात होता. तिनं एक घास कालवला आणि हात तसाच धरून हॉलमध्ये इकडंतिकडं पाहिलं. मयताच्या घरच्यांच्या तोंडात दुसऱ्यानं घास घालायचा असतो, कडू घास. त्याशिवाय त्या घरातलं कुणी जेवत नाही.

“याचं घरचं कोन हाय?”

समोर खुर्च्या तेवढ्या होत्या.

“मीच म्हना,” संपतराव म्हणाले.

तिनं घास त्यांच्या तोंडाशी नेला. दही आंबट झालं होतं. घास गिळता गिळता त्यांचा चेहरा वाकडा झाला, आणि मग रडू आवरेचना. जनकाबाईनं डावा हात त्यांच्या पाठीवर ठेवला आणि त्यांचं होईपर्यंत तशीच बसून राहिली. “जाणाऱ्यासंग जाता येत न्हाई, बाबा,” एवढंच म्हणाली.

दुपारच्या गाडीची वेळ झाली. ती गुडघ्यावर हात देऊन उठली, दगडावरून एकदा तळवा फिरवला, बाहेर जाऊन चपला घातल्या. संपतराव तिच्या मागं दारापर्यंत आले. ‘पुन्हा या, मावशी’ हे शब्द त्यांच्या ओठांवर आले होते. इथं आलेल्या प्रत्येकाला, अगदी पंखा दुरुस्त करायला आलेल्यालाही, ते तसं म्हणत.

जनकाबाई ‘येते’ न म्हणता, मागं न पाहता पायऱ्या उतरली. मयताच्या घरून निघणारा ‘येतो’ म्हणत नाही, आणि त्या घरचं माणूस त्याला ‘या’ म्हणत नाही.

संपतराव दारात गप्प उभे राहिले.