कापलेले वीस सेकंद

"जुओ, जुओ! हे डोक्यातलं वादळ!" विश्वंभर महाराजांनी गुजराती-मराठी मिसळत पडद्याकडे बोट दाखवलं. दांडिया बाजारातलं ते मंगल कार्यालय खचाखच भरलं होतं. पडद्यावरच्या व्हिडिओत कुणाच्या तरी मेंदूच्या लहरींचा आलेख, म्हणजे ईईजी, सरकत होता: बारीक, विस्कटलेल्या रेघा. "आणि ही आपली कृपा!" त्याच क्षणी रेघा एका लयीत डुलू लागल्या. "मोठ्या दवाखान्यातला पुरावा आहे, भाईओ. विज्ञानानं कान पकडले!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मी मागे उभी होते. व्हिडिओ माझा होता, फक्त आवाज काढून टाकलेला.

ही २०११ची गोष्ट. शिकाऊ डॉक्टरांना ईईजी वाचता यावा म्हणून मी दोन-दोन मिनिटांचे व्हिडिओ करत असे. एका व्हिडिओत एकच खूण. माझी विद्यार्थिनी भक्ती सकाळी म्हणाली होती, "मॅडम, तुमचा व्हिडिओ दांडिया बाजारात हाउसफुल्ल आहे." तेव्हा मला हसू आलं होतं.

ते मंचावर ऋचा दिसेपर्यंत टिकलं. बारा वर्षांची, फिट येणारी माझी पेशंट. डोक्याला तारा लावून ती महाराजांच्या ईईजी यंत्रापाशी बसली होती; आता पडद्यावर तिच्या रेघा सरकत होत्या. तिची आई पहिल्या रांगेत होती. मी तिच्यापाशी गेले.

"कौशल्याताई, गोळ्या चालू आहेत ना?"

"नऊ दिवस झाले बंद करून," त्या आनंदानं म्हणाल्या. "महाराज तिला डोळे मिटायला लावून डोक्यावर हात ठेवतात, तेवढं पुरतं. तुमच्याच दवाखान्यातल्या व्हिडिओत दाखवलंय की, मॅडम!"

मी मंचावर गेले. "हा व्हिडिओ माझा आहे."

"आवो बेन! विज्ञान पायांनी चालत आलं!" महाराज खूश झाले.

"तिच्या डोक्यावर हात ठेवा. पण तिचे डोळे उघडे राहू देत."

त्यांनी हात ठेवला. रेघा विस्कटलेल्याच राहिल्या.

"उघड्या डोळ्यांतून शक्ती गळते," महाराज म्हणाले.

"मग हात काढा. ऋचा, आता मिट डोळे."

रेघा लयीत आल्या. सेकंदाला नऊ-दहा लहरी.

"कृपा लांबूनही पोहोचते!"

"मग हात कशाला ठेवता?" ऋचानं विचारलं. तिनं डोळे उघडले, लहरी गेल्या. मिटले, आल्या. पुन्हा उघडले, पुन्हा मिटले. तिला मजाच वाटू लागली. "महाराज, तुमची कृपा माझ्या पापण्यांत आहे!"

सभागृहात हशा पिकला. महाराज पाणी पिऊ लागले.

मी सांगितलं, की शांतपणे डोळे मिटले की जवळजवळ प्रत्येकाच्या डोक्याच्या मागच्या भागात या लहरी उमटतात. त्या दिसल्या म्हणजे फिट बरी झाली असं नाही. दोन फिट्सच्या मधल्या काळात आलेख पूर्ण चांगलाही येऊ शकतो. गोळ्या अचानक बंद करणं धोक्याचं असतं.

"मग व्हिडिओत हे का नाही?" कौशल्याताईंनी विचारलं.

"होतं. शेवटी वीस सेकंद पडद्यावर लिहूनच येत होतं; तेवढे मी कापले. उत्तर आयतं मिळालं की विद्यार्थी विसरतात. ते मी दुसऱ्या दिवशी वर्गात सांगत असे."

कौशल्याताई उठून उभ्या राहिल्या. "अहो, पण आम्ही कुठे होतो तुमच्या वर्गात?"

महाराजांनी फक्त रिकामी जागा भरली होती. ती मी ठेवली होती.

गोळ्या त्याच संध्याकाळी सुरू केल्या. तरी दोन दिवसांनी ऋचाला शाळेच्या जिन्यावर फिट आली. भुवईवर चार टाके पडले. ते घालताना तिचं डोकं मी धरलं होतं. ती म्हणाली, "मॅडम, मी डोळे मिटले होते, तरी दुखलं."

चमत्कार दिसला, तर हात जोडण्याआधी एवढंच म्हणा: तुमचा हात बाजूला घ्या, मग बघू. याला पदवी लागत नाही. एका मुलीला ते जमलं. आणि ज्यांना उत्तर माहीत आहे त्यांनी ते वर्गासाठी राखून ठेवू नये. मी ठेवलं होतं.