केकच्या फोटोंमागे राहिलेलं पान

मित्रांनो, मला वाळवी लागत नाही, माझा रंग पिवळा पडत नाही आणि मला कुणी रद्दीतही घालत नाही. तरीही मी एक जुनं पान आहे. वहीचं नव्हे हं, वेबसाइटचं. तुम्ही मोबाइलवर बोट फिरवता आणि जी पानं भराभर येतात-जातात, त्यांतलंच एक. पानाला कसली आलीय जीवनकहाणी, असं म्हणाल तुम्ही. म्हणा बापडे, पण आधी ऐकून घ्या.

नाशिकला आडगावच्या अंगाला एक निवारा आहे. बसस्थानकावर, देवळाच्या पायरीवर, पुलाखाली जी चुकलेली म्हातारी माणसं सापडतात, त्यांना तिथे आणून सोडतात. त्या निवाऱ्याच्या वेबसाइटवर मी जन्मलो. मला घडवलं ते स्नेहाताई पगारे यांनी. त्या तिथल्या ऑफिसात असतात. फोन घेणं, औषधं आणवणं, वेबसाइट सांभाळणं, सगळं त्यांच्याच गळ्यात. त्यांच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर मी उघडा असलो, की ऑफिसातलं सगळं बोलणं माझ्या कानावर पडतं.

एका दुपारी पोलिसांनी बसस्थानकावरून सगुणाबाईंना आणलं. कुठून तरी कुठल्या तरी बसमध्ये चढल्या होत्या आणि नाशिकला उतरल्या होत्या. हातावर तुळशीचं गोंदण, तोंडात दात मोजकेच. गाव कुठलं म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "वाडी."

"कुठली वाडी, आजी?"

"आमचीच. खळ्यापल्याडची."

आता आमच्या जिल्ह्यात वाड्या काय थोड्या आहेत? आडनाव त्यांना सांगता येत नव्हतं, तालुका सांगता येत नव्हता. एकच नाव पक्कं होतं. "माझा यादव येईल ना. त्याला सांगा, माय इथं हाय." जेवताना तेच, झोपताना तेच.

तपासायला आलेल्या डॉक्टरांनी स्नेहाताईंना बाजूला घेऊन सांगितलं, "यांचं विसरणं वाढत जाणार. आज मुलाचं नाव सांगतायत, चेहराही आठवत असेल. तो लवकर आला तर ओळखतील. उशीर झाला तर मला भरवसा नाही." ताईंनी त्याच दिवशी मला लिहायला घेतलं.

मला लिहिताना ताईंनी फार विचार केला, हे मला अभिमानाने सांगू द्या. निवाऱ्याच्या आधीच्या सगळ्या पानांवर ठळक अक्षरांत 'आमचे कार्य' एवढंच लिहिलेलं असायचं. "ज्याची आई हरवली तो 'आमचे कार्य' कशाला शोधेल?" असं ताई स्वतःशीच पुटपुटल्या आणि त्यांनी माझ्या माथ्यावर लिहिलं, 'सगुणाबाई, मुलगा यादव, हातावर तुळशीचं गोंदण, नाशिक बसस्थानकावर सापडल्या'. खाली फोटो लावला. यादव ज्या शब्दांत शोधेल, तेच शब्द त्यांनी माझ्यावर लिहिले.

पण मित्रांनो, पान नुसतं चांगलं लिहून भागत नाही. गूगलसारख्या शोधयंत्राचे दूत वेबसाइटवर फिरतात ते एखाद्या नव्या पोस्टमनसारखे. आधी मुख्य पानाच्या दारातून शिरायचं, तिथे ज्या लिंक दिसतील त्यांवरून पुढच्या पानावर, तिथून आणखी पुढे. वाटेत जी पानं भेटतील त्यांची नोंद ते ठेवतात. ज्या पानाकडे एकही लिंक जात नाही, ते त्यांच्या लेखी नाहीच. म्हणून ताईंनी मुख्य पानावर 'घर शोधणारी माणसं' अशी ठसठशीत लिंक ठेवली होती. तिच्यावरून आमच्याकडे येता येई, आणि आम्हा पानांनाही त्यांनी एकमेकांना जोडून ठेवलं होतं.

त्या दिवसांत आमचा काय रुबाब होता! माझ्या शेजारचं पान भिकनबाबांचं. निफाडकडच्या त्यांच्या पुतण्याला ते गूगलवर सापडलं आणि दुसऱ्याच दिवशी सगळं घर जीप करून आलं. द्राक्षांच्या पेट्या आणल्या, निवाऱ्यात सगळ्यांना वाटल्या. भिकनबाबा गेले तेव्हा सगुणाबाई दारापर्यंत गेल्या आणि म्हणाल्या, "आता माझा नंबर." मलाही तसंच वाटलं होतं. आपण आज ना उद्या यादवच्या हाती लागणार, याची मला खात्री होती.

मग आमची साडेसाती सुरू झाली.

निवाऱ्याचे विश्वस्त शेखरभाऊ. मनाने चांगला माणूस, उगाच खोटं कशाला बोलू. पण निवाऱ्याची चूल चालते अन्नदानावर. मुलाचा वाढदिवस असो, वडिलांची पुण्यतिथी असो, लोक येतात, म्हाताऱ्यांची पंगत बसवतात, केक कापतात, फोटो काढतात. तो फोटो वेबसाइटवर आला, की घरच्यांच्या ग्रुपवर फिरतो. तो बघून आणखी चार जण येतात. भाऊंना वेबसाइट नवी करून हवी होती. ते म्हणाले, "स्नेहा, आल्या आल्या दारातच रडवेले चेहरे नकोत. कुणी लेकराच्या वाढदिवसाचं बघायला येतं आणि हे काय बघायचं? वर अन्नदानाचे फोटो घे. प्रसन्न वाटलं पाहिजे."

नवी वेबसाइट केली सनी नावाच्या मुलाने. हात चांगला होता त्याचा. रंग सुरेख, फोटो मोठमोठे. 'घर शोधणारी माणसं' ही लिंक त्याने काढून टाकली. ताईंनी काळजीने विचारलं, तेव्हा तो हसून म्हणाला, "ताई, एक पण पान डिलीट नाही केलं. सगळी आहेत जिथल्या तिथे. टेन्शन नका घेऊ."

खरं होतं त्याचं. मी पुसला गेलो नव्हतो. पण नव्या वेबसाइटवर माझा पत्ता बदलला. जुन्या पत्त्यावर 'आता इकडे या' अशी साधी पाटीही कुणी लावली नाही, आणि नव्या पत्त्याकडे यायला एकही लिंक नव्हती. मला माझ्या शेजाऱ्यांपासूनही तोडलं. घर शाबूत, पण वाटच बुजवलेली, असं झालं. शोधयंत्राचा दूत जुन्या पत्त्यावर आला, त्याला काही सापडलं नाही, आणि त्याने आपल्या नोंदीतून माझं नाव काढून टाकलं. त्याला तरी काय दोष द्यायचा?

तुम्ही विचाराल, स्नेहाताईंना हे कळलं कसं नाही? अहो, त्यांच्या कॉम्प्युटरवर सनीने माझा नवा पत्ता साठवून ठेवला होता. एक टिचकी मारली, की मी हजर. त्यांना मी रोज दिसत होतो, त्यामुळे जगाला दिसत नाही हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

ताई अधूनमधून सगुणाबाईंना माझ्यासमोर बसवायच्या आणि फोटो दाखवून विचारायच्या, "ह्या कोण?" आधी सगुणाबाई लाजून म्हणायच्या, "मीच की वो." मग म्हणू लागल्या, "माझ्यासारखीच दिसती बया." एक दिवस त्या बराच वेळ बघत बसल्या आणि म्हणाल्या, "कुणाची माय हाय बिचारी?" ताईंनी स्क्रीन बंद केला. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. ज्या कामासाठी आपल्याला जन्माला घातलं ते आपल्या डोळ्यांदेखत निसटतंय, आणि आपण नुसतं उघडायचं आणि मिटायचं.

शेवटी पहिली शंका आली ती स्वयंपाकघरातल्या कमळाबाईंना. चहा ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, "ताई, आता कुणाच्या घरचं कुणी येतच नाय का वो? पहिलं भिकनबाबासारखं एखादं तरी जायाचं. आता नुसते केकवाले येत्यात."

ताई दचकल्या. त्यांनी कमळाबाईंचाच मोबाइल मागून घेतला आणि त्यावर शोधलं, 'सगुणाबाई यादव नाशिक सापडल्या'. निवाऱ्याचं मुख्य पान आलं, त्यावर कुणाच्या तरी पहिल्या वाढदिवसाचा केक होता. मी नव्हतो. त्यांनी भिकनबाबांचं नाव टाकून पाहिलं, आणखी एकदोन नावं टाकून पाहिली. आमच्यातलं कुणीच नव्हतं. ताईंचा चेहरा उतरला.

त्या तशाच शेखरभाऊंसमोर जाऊन उभ्या राहिल्या. त्यांनी सगळं सांगितलं. भाऊ ऐकून चपापले, पण म्हणाले, "अगं, पण अन्नदान थांबलं तर यांनी खायचं काय?"

"अन्नदान नका थांबवू, भाऊ. पण ज्यांना आपण जेवू घालतो, त्यांना आपल्या घरी नको का जेवायला मिळायला?"

मग ताईंनीच मार्ग सुचवला. लोक सगळ्यात जास्त बघतात ती वाढदिवसाची पानं. तीच एकमेकांना पाठवतात. शोधयंत्राचे दूतही तिथेच घुटमळतात. तर त्या प्रत्येक फोटोखाली एक ओळ टाकायची, 'आजच्या पंगतीला ही माणसं होती', आणि पुढे नावं. प्रत्येक नावावर त्या माणसाच्या पानाची लिंक. भाऊ म्हणाले, "टाक. आणि 'घर शोधणारी माणसं' ही लिंकही दारात परत आण. प्रसन्न नाही वाटलं तर राहू दे."

सनीला बोलावलं. त्याने खालमानेने सगळं जोडलं आणि जुन्या पत्त्यांवर पाट्याही लावल्या. काही दिवसांनी शोधयंत्राचा दूत एका बारशाच्या केकवरून उतरून थेट माझ्या दारात आला. मी हरखलो. मित्रांनो, मी खुळा होतो. बैल गेला नि झोपा केला, ही म्हण मला तेव्हा आठवायला हवी होती.

थोड्याच दिवसांत माझ्यावरचा पत्ता बघून यादव आला. चांदवडकडच्या एका वाडीवरचा. लासलगावच्या बाजारात हमाली करतो. उन्हाने रापलेला, केस पांढरे व्हायला लागलेला माणूस. ताईंसमोर खुर्चीवर बसायलाही तयार नव्हता.

"माय गेली तवा माझ्याकडं साधा मोबाइल होता," तो म्हणाला. "पायी शोधलं. यात्रा पाहिल्या, दवाखाने पाहिले. चौकीतबी नाव दिलं. मग मोठा मोबाइल घेतला. बाजारातले पोरं म्हणले, त्याच्यात बोलून इचार. लय डाव बोललो, ताई. सगुणाबाई हरवली हाय, नाशिक. दरवेळी तुमच्याच संस्थेचे केकचे फोटो यायचे. मी म्हणायचो, ही मोठ्या लोकांची जागा दिसती, हितं माझी माय कशाला आसंल?"

मित्रांनो, तो माझ्या दारापर्यंत येत होता. पुन्हा पुन्हा येत होता आणि परत जात होता. आत यायला एक लिंक हवी होती, एवढीच. ताईंनी पदराने डोळे पुसले.

कमळाबाई सगुणाबाईंना हाताला धरून घेऊन आल्या. यादवने पायांवर डोकं ठेवलं. "माये, म्या यादव."

सगुणाबाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. मग प्रेमाने म्हणाल्या, "उठा बाबा. दमून आले दिसता. बसा, पाणी प्या. माझा यादवबी येणार हाय."

त्याने पुन्हा सांगितलं. वाडीचं सांगितलं, खळ्याचं सांगितलं, नातवंडांची नावं सांगितली. त्या कौतुकाने ऐकत राहिल्या, परक्याच्या घरचं ऐकावं तसं. "तुमची माय नशिबाची हो," असंही म्हणाल्या. मात्र सोबत यायला काही तयार होईनात. यादव आला आणि त्याला माय सापडली नाही तर, हीच एक भीती.

यादव खाली मान घालून बसला होता. शेवटी त्याने चेहरा पुसला आणि म्हणाला, "चला आजी. यादवनंच मला धाडलंय. तुम्हाला त्याच्याकडं न्यायला आलोय."

जन्मभर जिला 'तू' म्हणाला, तिला तो 'तुम्हाला' म्हणाला. सगुणाबाई लगेच उठल्या.

आता माझ्या माथ्यावर ताईंनी 'घरी पोहोचल्या' असं लिहिलं आहे. लोक वाचतात आणि बरं वाटलं म्हणतात. मला काही तेवढं बरं वाटत नाही.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, कुणी शाळेची, कुणी दुकानाची, कुणी एखाद्या निवाऱ्याची वेबसाइट कराल. कोपऱ्यातल्या पानालाही मुख्य दारातून वाट ठेवा. घर बदललंत तर जुन्या पत्त्यावर पाटी लावा. आणि आपल्याला दिसतंय म्हणून सगळ्यांना दिसतंय, असं धरून चालू नका. कधीतरी परक्याच्या मोबाइलवरून स्वतःला शोधून बघा. पान वाट बघू शकतं हो, वर्षानुवर्षं. माणसाला तेवढा वेळ मिळतोच असं नाही.

परवा यादवचा फोन आला होता. ताईंनी विचारलं, माय कशी आहे. तो म्हणाला, "चांगली हाय. पोटभर जेवती. बाजारातून घरी आलो का रोज दारातच इचारती, बाबा, यादव भेटला का वो तुम्हाला?"